पक्ष्याच्या अंगावर गाठ दिसली तर? नव्या पक्षीनिरीक्षकांसाठी

पावसाळा सरत आला की पक्षीप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक फोटो हमखास येतो. कधी कबुतर असतं, कधी चिमणी, कधी मोर. चोचीच्या मुळाशी किंवा डोळ्याच्या कडेला काळपट-तपकिरी गाठी, आणि खाली प्रश्न : "याला काय झालंय? पकडून औषध लावू का?" मग उत्तरांचा पाऊस पडतो. कुणी कॅन्सर म्हणतं, कुणी बर्ड फ्लू, कुणी मोबाइल टॉवरवर खापर फोडतं, आणि एक जण तरी हळद लावायला सांगतोच.

या फोटोंतला बहुतेक वेळचा आजार ओळखीचा आहे आणि बरेच पक्षी त्यातून आपले आपण बरे होतात. त्यामुळे नवख्याने करायचं मुख्य काम म्हणजे नीट बघणं, लिहून ठेवणं आणि आपल्या गच्चीवरचं पाण्याचं भांडं घासणं. पकडापकडी फार थोड्या वेळा लागते. ती कधी लागते, हेही पुढे सांगतो.

आधी ती गाठच आहे ना, ते बघा

हसू नका, पण निम्मा गोंधळ इथेच मिटतो. काळ्या शराटीच्या टकलावर लालभडक, खडबडीत, चामखिळींसारखी कातडी असते. पहिल्यांदा दुर्बिणीतून बघणाऱ्याला ती जखमच वाटते. ते त्याचं नेहमीचं रूप आहे. नकटा बदकाच्या नराच्या चोचीवर चांगला मोठा फुगवटा असतो आणि विणीच्या काळात तो आणखी वाढतो. टिटवीच्या डोळ्यापुढे लाल मांसल पाळी असते, माळटिटवीला ती पिवळी असते आणि खाली लोंबते. साळुंकीच्या डोळ्यामागची पिवळी उघडी कातडी, कबुतराच्या चोचीच्या मुळाशी असलेला पांढरा फुगीर भाग, हेही सगळं नैसर्गिकच.

पिल्लांच्या चोचीच्या कोपऱ्यात मऊ पिवळी कड असते. ती सुजेसारखी दिसते, पण पिल्लू मोठं झालं की जाते. शिक्र्याने नुकतंच पोटभर खाल्लं असेल तर गळ्याखालची अन्न साठवायची पिशवी लिंबाएवढी फुगलेली दिसू शकते. काही तासांनी ती बसते. आणि पिसं झडण्याच्या दिवसांत एखादी साळुंकी डोक्यावर साफ टकली दिसते. तेव्हा तिच्या कानाचं भोक उघडं पडतं आणि फोटोत ते व्रणासारखं दिसतं.

म्हणून पहिली पायरी : त्याच जातीचे आणखी दोन-चार पक्षी बघा, किंवा पुस्तकातलं चित्र काढा. सगळ्यांना तसंच असेल तर विषय संपला. दुसरी खूण म्हणजे दोन्ही बाजू. निसर्गाने दिलेली ठेवण डावी-उजवीकडे सारखी असते. आजाराची गाठ बहुधा एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, वेडीवाकडी असते.

गाठ कुठे आहे, यावर बरंच ठरतं

गाठ पिसं नसलेल्या जागी असेल, म्हणजे पापण्या, चोचीचं मूळ, तोंडाचे कोपरे, पाय, बोटं, तर सगळ्यात आधी देवीचा संशय घ्यायचा. ज्यांच्या घरी गावठी कोंबड्या आहेत त्यांना हा आजार सांगायला नको. कोंबडीच्या तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोड आले की "देवी आल्या" म्हणतात. रानातल्या पक्ष्यांना होणारी देवी त्याच गटातल्या विषाणूंमुळे होते. या गटाला अ‍ॅव्हिपॉक्स म्हणतात. तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांत तो सापडला आहे आणि आपल्याकडे कबुतर, मोर, चिमणी, कावळा यांच्यात दिसतो.

माणसातली देवी १९८० मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. तो विषाणू याच मोठ्या कुळातला, पण शाखा वेगळी. पक्ष्यांची देवी माणसाला होत असल्याचं आढळलेलं नाही. पोराने कबुतराला हात लावला म्हणून घाबरून रात्री डॉक्टरकडे धावायचं कारण नाही. साबणाने हात मात्र धुवायचेच, कारण कबुतरांकडून माणसाला येणारे इतर आजार आहेत.

देवीची गाठ एकदम उगवत नाही. आधी फिकट, जोंधळ्याच्या दाण्याएवढा उंचवटा येतो. तो वाढतो, पिवळसर होतो, शेजारच्या उंचवट्याला मिळतो. मग वर तपकिरी-काळी खपली धरते. शेवटी खपली गळते आणि खाली फिकट, गुळगुळीत कातडी राहते. कोंबड्यांत हे सगळं साधारण तीन-चार आठवड्यांत आटपतं. रानपक्ष्यांत कधीकधी महिने लागतात. म्हणूनच एका फोटोवरून निदान करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आठवड्याच्या अंतराने काढलेले दोन फोटो दहा तज्ज्ञांच्या अंदाजापेक्षा जास्त सांगतात.

शहरात हा आजार जवळून बघायला मिळतो तो कबुतराच्या पिल्लांत. एसीच्या बाहेरच्या डब्यावर चार काड्यांचं घरटं, त्यात अंगाला न शोभणाऱ्या मोठ्या चोचीचं, विरळ पिवळ्या केसांचं पिल्लू. चोचीच्या मऊ कडेला खरखरीत फोड, एक पापणी सुजून अर्धी मिटलेली. आई येते, पिल्लू आपली फोडांनी भरलेली चोच तिच्या घशात खुपसतं आणि ती त्याला भरवते. पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं. पण नीट बघा : पिल्लू मान उंचावून मागतंय, पंख फडफडवतंय, भरवून घेतंय. असं पिल्लू जगण्याची शक्यता चांगली असते. त्याला उचलून आणलं तर सगळ्यात आधी तुटतं ते हे भरवणंच.

हा विषाणू धडधाकट कातडीतून आत शिरू शकत नाही. त्याला ओरखडा लागतो, नाहीतर डासाची सोंड. आजारी पक्ष्याला चावलेला डास सोंडेवर विषाणू घेऊन दुसऱ्याला चावतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर फोटो वाढतात ते यामुळेच. दुसरी वाट गळलेल्या खपल्यांची. सुक्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. जिथे खूप पक्षी एकाच काठावर बसतात, एकाच थाळीत चोच घालतात, तिथे तो आरामात पसरतो.

डास किती महागात पडू शकतो हे हवाई बेटांवर दिसलं. तिथे मुळात डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून डासाच्या अळ्या माऊई बेटावर उतरल्या असं मानलं जातं. पुढे देवी आणि पक्ष्यांचा मलेरिया पोहोचले, आणि हनीक्रीपर नावाच्या सुंदर स्थानिक पक्ष्यांच्या कित्येक जाती संपल्या. उरलेल्यांनी उंच, थंड डोंगरांचा आसरा घेतला. तो डास म्हणजे क्युलेक्स क्विंकीफॅसिएटस, आपल्या गटारांत आणि साचलेल्या पाण्यात वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा. आपल्याकडचे पक्षी त्याच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, म्हणून इथे तशी कत्तल होत नाही.

देवीसारखं दिसणारं, पण देवी नसलेलं

यात पहिला नंबर दोऱ्याचा. शहरी कबुतरांच्या पायाला सुजलेली, काळी पडलेली, गाठ आलेली बोटं दिसतात, त्यातली बरीच आजारामुळे नसतात. केस, शिवणाचा दोरा, पतंगाचा मांजा बोटाभोवती गुंडाळला जातो. पक्षी चालतो तसा तो आवळत जातो, रक्त तुटतं, बोट फुगतं आणि शेवटी गळून पडतं. फोटो मोठा करून गाठीच्या वरच्या बाजूला बारीक खाच दिसते का बघा, एखादं टोक लोंबतंय का बघा. संक्रांतीनंतर तर हेच आधी तपासा. इथे मात्र मदत लागते, कारण दोरा आपोआप सुटत नाही. कातडीत रुतलेला दोरा ओढू नका. तो जाणकाराने भिंगाखाली कापायचा असतो.

पायाच्या तळव्याला, म्हणजे खालून, गोल सूज आणि मध्ये काळा खडा असेल तर बहुधा जिवाणूंचा संसर्ग. कडक किंवा घाणेरड्या जागी सतत बसणाऱ्या, विशेषतः पिंजऱ्यातल्या पक्ष्यांत तो जास्त होतो.

दोन्ही पाय पांढरट, भुरभुरीत, खवले उचलल्यासारखे दिसत असतील तर खरजेचे किडे. गावठी कोंबड्यांत हे नेहमीचं आहे. पाळीव बजरीगरांच्या चोचीवर याच जातकुळीचे किडे बारीक छिद्रं पाडतात. हा विषाणू नाही, यावर औषध आहे आणि ते पशुवैद्य देतात.

पापणीजवळ किंवा कानामागे गुळगुळीत, राखाडी, टपोरा मणी दिसला तर तो बहुधा रक्त पिऊन फुगलेला गोचीड असतो. आठवड्याभरात तोच गळून पडतो.

चामखिळीचे खरे विषाणू, पॅपिलोमा, पक्ष्यांत असतात. त्यांची गाजलेली उदाहरणं युरोपातल्या चॅफिंच या पक्ष्यातली आहेत. पायावर, बोटांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत वाढ होते आणि ती कधी संपूर्ण पाय व्यापते. तरीही पक्षी उडत-खात राहतो. इंटरनेटवर हे फोटो सहज सापडतात, म्हणून आपल्याकडचे नवखे प्रत्येक गाठीला पॅपिलोमा म्हणू लागलेत. तसं म्हणायला प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. देवीच्या खात्रीसाठीही ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो किंवा पीसीआर करावी लागते. तुमच्या नोंदीत "देवीसारखी गाठ" एवढं लिहिलंत तर ते प्रामाणिक आणि पुरेसं आहे.

तोंडाच्या आतली गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. देवीचाच एक प्रकार तोंडात, घशात, श्वासनलिकेत पिवळट पापुद्रे धरतो. पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेतो, दाणा उचलतो आणि टाकतो. कबुतरांत हुबेहूब असंच दिसणारा दुसरा आजार म्हणजे ट्रायकोमोनास या एकपेशीय जिवाचा संसर्ग. कबुतरं खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांनाही तो होतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून याच आजाराने ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या प्रचंड घटवली, आणि तो पसरण्यात बागेतल्या दाण्या-पाण्याच्या भांड्यांचा मोठा वाटा मानला जातो. या दोन आजारांतला फरक बाहेरून डोळ्यांनी सांगता येत नाही. उपचार मात्र वेगळे. तोंडातला पापुद्रा चिमट्याने ओढायचा प्रयत्न कुणी करत असेल तर त्याला थांबवा, रक्तस्राव होतो.

वागणं बघा, मग ठरवा

गाठ किती भयंकर दिसते यावर काही ठरवू नका. दहा-पंधरा मिनिटं लांब उभे राहून पक्षी काय करतो ते बघा.

उडतोय, खातोय, थव्यात आहे, तुम्ही जवळ गेलात की सावध होतोय? मग तो तुमचा रुग्ण नाही. पकडण्याच्या धावपळीत त्याची जी ताकद जाईल ती त्याला आजाराशी लढायला हवी आहे. शिवाय देवीच्या विषाणूवर औषध नाही. डॉक्टर देतात ते वरून होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गासाठी, आणि बाकी असतो तो आधार : ऊब, अन्न, स्वच्छता.

दोन्ही डोळे मिटलेत, पिसं फुलवून जमिनीवर बसलाय, हाताशी गेलं तरी हलत नाही, चोच उघडी ठेवून धापा टाकतोय, फांदी पकडता येत नाही, नाहीतर दोरा रुतलाय, तर मदत मागवा. महाराष्ट्रात वन विभागाचा हॅलो फॉरेस्ट क्रमांक १९२६ आहे. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पिढ्यान्‌पिढ्या जखमी पक्षी घेत आलं आहे, नागपुरात वन विभागाचं वन्यजीव उपचार केंद्र आहे. आपल्या तालुक्यात कोण आहे ते आजच विचारून नंबर मोबाइलमध्ये टाका. रविवारी संध्याकाळी तडफडणारा पक्षी हातात घेऊन कुणालाही नंबर सापडत नाही.

"बरा होईपर्यंत घरी ठेवतो" हा विचार सोडून द्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली रानपक्षी घरी ठेवता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी घरात कोंबड्या किंवा लव्हबर्ड्स असतील तर तुम्ही आजार उंबऱ्याच्या आत आणता आहात.

उचलावाच लागला तर

चपलांचा किंवा बुटांचा खोका घ्या, झाकणाला पेन्सिलीने भोकं पाडा, तळाला जुना सुती पंचा अंथरा. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या कड्यांत नख्या अडकतात. हातमोजे नसतील तर हातात प्लास्टिकची पिशवी घाला, तोंडाला मास्क लावा. पातळ कापड वरून टाकून पक्ष्याला पंखांसकट अलगद धरा, छाती आवळू नका. छाती हलली नाही तर पक्षी श्वास घेऊ शकत नाही. घार, घुबड, शिक्रा असेल तर चोचीपेक्षा नख्यांना जपा. खोक्यात ठेवलं की झाकण लावा आणि शांत, सावलीच्या जागी न्या. अंधारात पक्षी निवांत होतो. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून मुलांना दाखवू नका.

चोचीत पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं आणि गाठीतून वाचला असता तो पक्षी पाण्याने मरतो. दूध, पोळी, बिस्कीट काही नको.

खोबरेल, लोणी, कडुनिंबाचं तेल पिसांना लागलं की पिसं चिकटतात, ऊब धरत नाहीत. खपली नखाने काढू नका : खाली रक्त येतं आणि विषाणूने भरलेली ती खपली तुमच्या गच्चीवर पडते. घरातली वेदनाशामक गोळी तर चुकूनही नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने आपली गिधाडं कशी मेली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी का आणावी लागली, हे पक्षीनिरीक्षकांना माहीत असायलाच हवं.

काम झालं की हात साबणाने, कपडे गरम पाण्याने धुवा, खोका पुन्हा वापरू नका.

तुमची गच्ची, तुमचं भांडं

खरं काम इथे आहे, आणि नेमकं हेच करायचा लोकांना कंटाळा. उन्हाळ्यात कौतुकाने ठेवलेलं मातीचं भांडं पावसाळ्यात तसंच राहतं. त्यात हिरवं शेवाळ, तळाला विष्ठा, वर वळवळणाऱ्या अळ्या. अळीचा डास व्हायला उन्हाळी-पावसाळी हवेत साधारण आठवडा लागतो. म्हणजे रोज जुनं पाणी ओतून टाकून भांडं घासलं तर तुमच्या भांड्यातून एकही डास उडत नाही. एवढ्याने देवी थांबत नाही, पण तिची एक वाट तुमच्या दारातून जात नाही.

गाठीवाला पक्षी तुमच्याकडे येत असेल तर दाणे आणि पाणी दोन्ही दोन-तीन आठवडे बंद करा. पक्षी उपाशी मरत नाहीत, ते पांगतात, आणि आपल्याला तेच हवं आहे. भर मे महिन्यात पाणी बंद करवत नसेल तर दिवसातून दोनदा भांडं बदला.

धुण्याची पद्धत : आधी ब्रशने घासून घाण काढा, कारण घाणीवर ब्लीच चालत नाही. मग कपड्यांचं साधं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, यात भांडं दहा मिनिटं बुडवा. भरपूर पाण्याने धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. मातीच्या भांड्याची छिद्रं नीट धुतली जात नाहीत, म्हणून आजाराच्या काळात स्टीलची किंवा चकचकीत चिनी मातीची थाळी बरी. दोन ठेवा, एक उन्हात, एक वापरात. दाणे टाकायचेच तर जमिनीवर ढीग करू नका. थोडे टाका, संध्याकाळपर्यंत संपतील एवढेच, आणि जागा बदलत राहा. रोज पोतंभर ज्वारी एकाच चौकात ओतणं हे पुण्याचं काम असेल, पण पक्ष्यांच्या तब्येतीच्या दृष्टीने ते वाईटच आहे.

एकाच वेळी अनेक मेलेले दिसले तर

हा वेगळा प्रसंग. देवीने पक्षी एका दिवसात ढिगाने मरत नाहीत. एका झाडाखाली पाच-दहा कावळे पडलेत, काही माना वाकड्या करून झोकांड्या खातायत, तर गाठी शोधत बसू नका. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरला असेच कावळे मेले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ बर्ड फ्लूचं निदान केलं. अशा वेळी हात लावायचा नाही, कुत्री-मांजरं लांब ठेवायची, लांबून फोटो काढून पशुसंवर्धन विभागाला १९६२ वर किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. नमुने घेणं त्यांचं काम.

नोंद कशी लिहायची

तारीख, वेळ, गावाचं नाव आणि जागा. पक्ष्याची जात, प्रौढ की पिल्लू. गाठ कुठे, किती, कोणत्या बाजूला. ओली, सुकी की खपली धरलेली. वागणं. त्याच थव्यात एकूण किती पक्षी आणि त्यातले किती गाठीवाले. हा शेवटचा आकडा सगळ्यात मोलाचा आणि नेमका तोच कुणी लिहीत नाही. वीस चिमण्यांत एक आणि वीस चिमण्यांत सात, या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत. "एकही गाठीवाला नाही" हीसुद्धा नोंद आहे.

फोटो दोन्ही बाजूंनी काढा, पाय वेगळे काढा, आणि छान दिसण्यासाठी रंग बदलू नका. गाठीचा रंग हाच पुरावा असतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना त्या जातीच्या शेऱ्यात हे लिहिता येतं, आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो जोडता येतो. घरट्यातलं पिल्लू असेल तर नेमकी जागा जाहीर करू नका.

मग आठ-दहा दिवसांनी त्याच जागी परत जा. कबुतरं आणि चिमण्या ठरलेल्या जागा सोडत नाहीत, त्यामुळे तोच पक्षी सापडण्याची बरीच शक्यता असते. खपली गळून फिकट डाग उरला असेल, एखादं बोट कमी झालं असेल, पापणी थोडी वाकडी राहिली असेल, तर तेही पहिल्या नोंदीखाली लिहा. दिसला नाही तर "दिसला नाही" असं लिहा, मेला असं लिहू नका.